सी ड्राइव्ह लाल, डी रिकामा: बांध सरकवायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा. घरच्या डेस्कटॉपमध्ये १ टीबीची फिरती हार्ड डिस्क आहे. मशीन देतानाच दुकानदाराने तिचे तीन भाग, म्हणजे पार्टिशन, करून दिले होते: सी १०० जीबी, डी आणि ई प्रत्येकी ४१५ जीबीच्या आसपास. सी आता लाल झालाय, जेमतेम ३ जीबी शिल्लक. डीमध्ये १२० जीबी सामान आहे, त्यात मुलांचे लहानपणापासूनचे फोटो. ई जवळपास रिकामाच. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंट या साधनातून डी आक्रसून ५० जीबी मोकळी केली, तरी सीवर राइट क्लिक केलं की ‘एक्सटेंड व्हॉल्यूम’ फिकटच दिसतं, दाबता येत नाही. मग एखादं फुकटचं सॉफ्टवेअर घ्यावं का? आणि फोटो उडणार नाहीत ना?

आधी उत्तर देतो, कारण नंतर. सॉफ्टवेअर बहुधा लागणारच नाही. डीमधलं सगळं सामान आधी बाहेरच्या डिस्कवर आणि मग ईमध्ये कॉपी करा, कॉपी नीट झाली का ते तपासा, डी पार्टिशन पूर्ण काढून टाका, मोकळ्या झालेल्या जागेतून हवी तेवढी सीला द्या, उरलेल्या जागेत नवा डी करा आणि सामान परत आणा. हे सगळं विंडोजच्या स्वतःच्या साधनांनी होतं आणि यात एकाही भरलेल्या पार्टिशनला जागचं हलवावं लागत नाही. तुमच्या मशीनचं यश त्या ‘हलवावं लागत नाही’ वर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शेतीची भाषा वापरतो, कारण गिऱ्हाइकांना समजावताना मला तीच कामाला येते. सात-बारा म्हणजे दोन नमुने एकत्र. गाव नमुना सातमध्ये जमीन कुणाची आणि किती, आणि बारामध्ये त्यात काय पेरलंय. डिस्कवरही तसंच असतं. पार्टिशन टेबल हा सात: अमुक पार्टिशन इथून सुरू, एवढं लांब, संपलं. त्यात फोटो आहेत की पिक्चर, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. फाइल सिस्टिम, म्हणजे तुमच्याकडची एनटीएफएस, हा बारा: कुठली फाइल कुठल्या तुकड्यात आहे याची नोंद. पार्टिशनचा आकार बदलायचा म्हणजे या दोन्ही नोंदी बदलायच्या, आणि त्या एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. एकीत बदल झाला आणि दुसरीत राहून गेला, की विंडोज त्या ड्राइव्हला ‘रॉ’ म्हणतं आणि फॉरमॅट करू का विचारतं.

आता खरी मेख. डिस्क मॅनेजमेंटमध्ये पार्टिशन डावीकडून उजवीकडे मांडलेली दिसतात. प्रत्येकाला दोन बांध, एक डावा, एक उजवा. उजवा बांध सरकवणं सोपं. आत घ्यायचा असेल तर त्या पट्ट्यात पडलेल्या फाइली आधी उचलून आतल्या मोकळ्या जागेत ठेवायच्या, मग बारातली नोंद, मग सातातली. बाहेर ढकलायचा असेल तर उलट, आधी सात, मग बारा. काही सेकंदांचं, फार तर काही मिनिटांचं काम. डावा बांध मात्र वेगळंच प्रकरण आहे. एनटीएफएस प्रत्येक फाइलचा पत्ता पार्टिशनच्या सुरुवातीपासून मोजते. सुरुवातच ५० जीबी पुढे गेली तर आतलं सगळं ५० जीबी पुढे सरकवावं लागतं, नाहीतर प्रत्येक पत्ता चुकतो. उभ्या पिकासकट अख्खं शेत उचलून शेजारी ठेवण्यासारखं.

तुमचा सी वाढणार म्हणजे त्याचा उजवा बांध सरकणार, ते सोपंच आहे. पण त्याला लागून डीचा डावा बांध आहे. तुम्ही डी आक्रसलात तेव्हा विंडोजने सोपं तेच केलं, उजवा बांध आत घेतला. म्हणून ती ५० जीबी डी आणि ईच्या मध्ये पडली आहे. सीला ती दिसतच नाही. विंडोजचं साधन फक्त लागून, उजव्या हाताला असलेली मोकळी जागा जोडून घेतं. पार्टिशनची सुरुवात हलवण्याची सोयच त्यात ठेवलेली नाही. लोक याला विंडोजचा दोष मानतात. मला तो शहाणपणा वाटतो.

बाजारातली सॉफ्टवेअरं, किंवा मुक्त आणि मोफत असलेलं जीपार्टेड, डावा बांध हलवून देतात. चांगलीच साधनं आहेत, मीही वापरतो. पण काम चालू असताना मध्येच लाइट गेली तर काय होतं ते पाहिलंय. लग्नाचे व्हिडिओ करणारे एक फोटोग्राफर माझ्याकडे मशीन घेऊन आले होते. साधारण ४०० जीबीचं पार्टिशन सरकवायला लावून ते जेवायला गेले. लाइट गेली, यूपीएस होता, पण त्याची बॅटरी चार वर्षं जुनी, तीन मिनिटांत बसली. अर्धा डेटा नव्या जागी, अर्धा जुन्या जागी, आणि मध्ये एक पट्टा जिथे एकावर दुसरं लिहिलं गेलेलं. टेस्टडिस्कसारखं साधन हरवलेली पार्टिशनची नोंद शोधून परत लावतं, पण इथे नोंद कुठलीही लावली तरी अर्धं शेत चुकीचं. शेवटी फोटोरेकने तुकडे वेचले. फोटो बरेचसे मिळाले, पण नावं नाहीत, फोल्डर नाहीत. दोन सीझनची लग्नं एकाच ढिगात. व्हिडिओ बहुतेक गेले, कारण मोठी फाइल तुकड्यातुकड्यांत पसरलेली असली की अशा वेचणीत ती जुळत नाही.

बॅकअप हा शब्द ऐकून लोकांचे डोळे जड होतात, तरी सांगतो. ईमध्ये केलेली कॉपी हा बॅकअप नव्हे. ती त्याच डिस्कवर आहे; डिस्क गेली की दोन्ही गेलं. बाहेरची यूएसबी डिस्क घ्या, मित्राकडून दोन दिवसांसाठी आणा, पण फोटोंची एक प्रत या मशीनच्या बाहेर असल्याशिवाय पुढचं काही करू नका. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि बाइट्स जुळतात का ते बघा. मग बाहेरच्या डिस्कवरचे वीसेक फोटो आणि दोन-तीन व्हिडिओ प्रत्यक्ष उघडून बघा, आणि मुद्दाम वेगवेगळ्या वर्षांचे बघा. लपलेल्या फाइली दिसतील असं आधी करून ठेवा, नाहीतर एखादं फोल्डर मागे राहतं.

त्याच बसणीत डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं मोफत साधन आहे. निळं ‘गुड’ दिसलं तर पुढे जा. पिवळं ‘कॉशन’ दिसलं आणि ०५ किंवा सी५ या ओळींपुढे शून्याखेरीज काही आकडा असला, तर डिस्कवरचे काही सेक्टर, म्हणजे छोटे कप्पे, खराब झालेत किंवा होण्याच्या बेतात आहेत. अशा डिस्कवर पार्टिशनशी खेळू नका. फोटो बाहेर काढा आणि नवी डिस्क घ्या. मशीनमधून टकटक आवाज येत असेल तर हे साधनसुद्धा चालवत बसू नका, आधी फोटो बाहेर काढा. तब्येत बरी असेल तर सी, डी, ई तिन्हींवर एकदा चेक डिस्क चालवून घ्या. ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये टूल्स, तिथे ‘चेक’. बारा नमुन्यात आधीच चुका असतील तर त्या आकार बदलण्यापूर्वी निस्तरलेल्या बऱ्या.

आणि डिस्क मॅनेजमेंटच्या खिडकीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आकडे स्पष्ट वाचता येतील असा. काही बिघडलं आणि मशीन माझ्यासारख्याकडे आणावं लागलं, तर सर्वात उपयोगी गोष्ट तो फोटो ठरते.

एक मात्र विचारतो: सी वाढवायलाच हवा का? १०० जीबीचा सी ही जुन्या दिवसांची देणगी आहे. विंडोज ७ च्या ६४ बिट आवृत्तीला मायक्रोसॉफ्ट २० जीबी पुरे म्हणत असे; विंडोज ११ ला किमान ६४ जीबी लागतात. तेव्हा दर वर्ष-दीड वर्षाने विंडोज नव्याने टाकायची वेळ यायची, म्हणून दुकानदार सी वेगळा ठेवत: सी फॉरमॅट मारला तरी डी, ई शाबूत. सवय टिकली, गरज गेली. तरीही १०० जीबीत साधं घरचं काम बसतं. स्टार्टमध्ये डिस्क क्लीनअप शोधा आणि त्यात ‘क्लीन अप सिस्टम फाइल्स’ दाबा. एखाद्या मोठ्या अपडेटनंतर उरलेलं जुनं विंडोजच कित्येक जीबी खाऊन बसलेलं असतं. डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, व्हिडिओज ही फोल्डरं सीवर असतात. प्रत्येकाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लोकेशन’ नावाचा टॅब असतो, तिथून ती दुसऱ्या ड्राइव्हवर हलवता येतात. कट-पेस्ट करू नका, लोकेशनमधूनच बदला, म्हणजे विंडोजलाही नवा पत्ता कळतो. आयफोनचा बॅकअप कॉम्प्युटरवर घेत असाल तर तोही गुपचूप सीवर साठतो. आणि हायबरनेट (रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन झोपवण्याची सोय) वापरत नसाल तर ती सोय बंद केली की रॅमच्या साधारण ४० टक्के आकाराची एक फाइल जाते. १६ जीबी रॅम असेल तर सहा-साडेसहा जीबी मोकळी.

एवढं करून ३५-४० जीबी सुटली तर मी इथेच थांबेन, कारण न केलेल्या पार्टिशनच्या कामात कधी डेटा जात नाही. सुटली नाही तर पुढे वाचा.

डी काढण्यापूर्वी एक रंग बघायचा आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये खाली डिस्क शून्यच्या आडव्या पट्टीत डी आणि ईभोवती मिळून एक हिरवी चौकट आहे का? नसेल, सगळ्यांच्या डोक्यावर गडद निळी पट्टी असेल, तर सरळ पुढे जा. हिरवी चौकट असेल तर तुमची डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. त्या पद्धतीत मुख्य पार्टिशन चारच करता येतात, म्हणून त्यातलं एक ‘एक्सटेंडेड’ नावाचं मोठं आवार करून डी, ई त्याच्या आत घातलेले असतात. आता डी काढलात तर जागा मोकळी होते, पण आवाराच्या आतच राहते. तिच्यावर ‘अनअलोकेटेड’ असं काळ्या पट्टीत न येता पोपटी रंगात ‘फ्री स्पेस’ असं येतं, आणि सी तिला चिकटून असूनही एक्सटेंड व्हॉल्यूम फिकटच राहतं. इथे भलेभले अडकतात. दिसायला दोन्ही मोकळ्याच जागा, पण एक गावठाणातली, एक कुणाच्या तरी कुंपणातली.

तुमच्याकडे हिरवी चौकट निघाली तर दोन वाटा आहेत. ईमध्ये फारसं काही नाही म्हणता, तर ईचंही सामान बाहेरच्या डिस्कवर न्या, डी आणि ई दोन्ही काढा, मग उरलेलं रिकामं आवारही काढा. सगळी जागा काळ्या पट्टीत येईल. मात्र या वाटेने गेलात तर काही तास तुमच्या सामानाची एकच प्रत राहते, ती बाहेरच्या डिस्कवर, म्हणून निदान फोटो तरी आणखी कुठेतरी ठेवा, क्लाउडवर किंवा दुसऱ्या पेन ड्राइव्हवर. दुसरी वाट म्हणजे डी काढल्यावर जीपार्टेडच्या पेन ड्राइव्हने मशीन सुरू करायचं आणि फक्त आवाराचा डावा बांध ईच्या दिशेने आत घ्यायचा. आत त्या बाजूला डेटाच नसल्यामुळे हलवायलाही काही नसतं. फक्त नोंद बदलते आणि क्षणात होतं. मी स्वतः दुसरी वाट धरतो.

प्रत्यक्ष काम आता सोपं आहे. डीवर एखादा प्रोग्रॅम किंवा गेम टाकलेला आहे का ते आधी बघा. असला तर नव्या पार्टिशनलाही डी हेच अक्षर द्या आणि फोल्डरं त्याच नावांनी परत ठेवा. बहुतेक प्रोग्रॅमना फरक कळत नाही, एखादा रुसला तर पुन्हा टाका. विंडोजची पेज फाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती) डीवर ठेवलेली असेल तर ती आधी सीवर आणा, नाहीतर डी काढायला विंडोज नकार देईल. मग डीवर राइट क्लिक, डिलीट व्हॉल्यूम. हे बटण दाबण्यापूर्वी हात एकदा मागे घ्या आणि डिस्क मॅनेजमेंटमधली वरची यादी पुन्हा बघा, तुम्ही डीवरच आहात, ईवर नाही ना. बाहेरची डिस्क लावलेली असेल तर ती आधी काढून ठेवा. मी चुकून गिऱ्हाइकाची बॅकअपची डिस्क साफ करता करता एकदा थोडक्यात वाचलो आहे, तेव्हापासून ती केबल काढल्याशिवाय डिलीटकडे हात नेत नाही.

मग सीवर राइट क्लिक, एक्सटेंड व्हॉल्यूम. आकडा एमबीमध्ये विचारतात आणि त्यांचा जीबी १०२४ एमबीचा असतो, म्हणून १५० जीबी वाढवायचे तर १५३६०० लिहा. सी २५० जीबी होईल, घरच्या वापराला पुष्कळ. काही सेकंदांत काम होतं, मशीन बंदही करावं लागत नाही. उरलेल्या काळ्या जागेवर राइट क्लिक करून ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’, अक्षर डी, एनटीएफएस, क्विक फॉरमॅट. ईमधून (ईही काढला असेल तर बाहेरच्या डिस्कवरून) सामान परत आणा. एकाच फिरत्या डिस्कवर इकडून तिकडे कॉपी करताना तिची सुई सारखी येरझाऱ्या घालते, म्हणून १२० जीबीला तास-दीड तास धरून चाला.

या वाटेवर एक सापळा आहे, तो इथेच सांगतो. मध्येच विंडोज एक पिवळा त्रिकोण दाखवून म्हणेल, की ही डिस्क आता ‘डायनॅमिक’ करावी लागेल, चालेल का? नाही म्हणा. डायनॅमिकमध्ये लांबची जागाही ड्राइव्हला जोडता येते, म्हणून लोक आनंदाने होय म्हणतात; पण ज्यावर विंडोज आहे त्या सीला ती तिथेही जोडता येत नाही. त्यानंतर डिस्क पुन्हा ‘बेसिक’ करायची तर विंडोजच्या साधनाने सगळी पार्टिशन पुसूनच करावी लागते, आणि तोवर दुसरी कुठलीही सिस्टिम त्याच डिस्कवर टाकायची तर अडचण.

डीमध्ये सामान इतकं, की तो कुठेच रिकामा करता येत नाही, अशी वेळ आली तरच पार्टिशन सरकवा. जीपार्टेड पेन ड्राइव्हवरून चालतं, म्हणजे विंडोज झोपलेलं असताना. त्यासाठी विंडोज खरोखर बंद हवं. हल्ली फास्ट स्टार्टअपमुळे ‘शट डाउन’ केलं तरी ते अर्धवट झोपतं आणि एनटीएफएसवर आपलं कुलूप ठेवून जातं. जीपार्टेड मग त्या पार्टिशनला हात लावत नाही, आणि बरोबरच करतं. शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा. जीपार्टेडमध्ये तुम्ही काहीही ओढलंत, ताणलंत, तरी ‘अप्लाय’ दाबेपर्यंत डिस्कवर काहीच होत नाही, तेव्हा निवांत मांडणी करून बघा. पण चार कामं रांगेत लावून एकदम अप्लाय करू नका. एक करा, विंडोजमध्ये जाऊन ड्राइव्ह उघडतो का बघा, मग दुसरं. वेळेचा अंदाज हवा तर फिरती डिस्क मिनिटाला ३ जीबी सरकवते असं धरा. ४०० जीबीला सव्वादोन तास, डिस्क जुनी असेल तर रात्र. लॅपटॉप असेल तर चार्जरही लावा आणि बॅटरीही भरलेली ठेवा. डेस्कटॉपला यूपीएस हवाच, आणि तो किती वेळ टिकतो ते आधी मशीन चालू ठेवून, प्लग काढून मोजलेलं हवं. घरच्या इन्व्हर्टरवर विसंबू नका. लाइट जाऊन तो चालू होईपर्यंतच्या त्या क्षणात काही डेस्कटॉप रिस्टार्ट होतात. उन्हाळ्यातल्या वळवाच्या संध्याकाळी तर हे काम काढूच नका.

तुम्हाला आत्ता लागू नाही, पण याच प्रश्नाची जुळी भावंडं रोज येतात, ती दोन शब्दांत.

पहिलं: ड्राइव्हमध्ये ३०० जीबी रिकामी आहे, पण श्रिंक करायला गेलं की विंडोज १२ जीबीच देतं. उजव्या टोकाजवळ एखादी न हलणारी फाइल बसलेली असते: पेज फाइल, हायबरनेटची फाइल, सिस्टम रिस्टोअरच्या नोंदी किंवा खुद्द एनटीएफएसच्या वहीचा एखादा तुकडा. कोण बसलंय ते इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कळतं. ॲप्लिकेशन लॉगमध्ये डीफ्रॅगच्या नावाने २५९ क्रमांकाची नोंद शोधा, तिच्यात फाइलचं नाव लिहिलेलं असतं. या तिन्ही सोयी तात्पुरत्या बंद करा, रिस्टार्ट करा, श्रिंक करा, पुन्हा चालू करा. बहुतेक वेळा सुटतं.

दुसरं, आणि हल्ली जास्त दिसणारं: २५६ जीबीचं एसएसडी (आत काहीही न फिरणारी वेगवान डिस्क) काढून १ टीबीचं घातलं, जुन्याची क्लोन कॉपी मारली, आता उजवीकडे ७०० जीबी मोकळी दिसते पण सी वाढत नाही. मध्ये काहीशे एमबीचं एक रिकव्हरी पार्टिशन उभं असतं. नव्या विंडोजमध्ये ते सीच्या लगेच नंतर बसतं. ते उडवून टाका असं सांगणारे पुष्कळ भेटतील. विंडोज बिघडलं तर दुरुस्तीची निळी स्क्रीन तिथूनच येते, म्हणून मी उडवत नाही. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘रीएजंटसी’ (reagentc) या आज्ञेने ती सोय डिसेबल करतो, म्हणजे तिची फाइल सीवर येऊन बसते. मग जीपार्टेडने ते छोटं पार्टिशन पार उजव्या टोकाला नेतो. अर्ध्या-पाऊण जीबीचाच माल, मिनिटाच्या आत सरकतो. मग सी वाढवतो, आणि शेवटी त्याच आज्ञेने सोय पुन्हा एनेबल. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चं केबी५०३४४४१ हे अपडेट असंख्य मशीनवर अडकलं होतं, कारण हेच रिकव्हरी पार्टिशन नव्या फाइलीला तोकडं पडत होतं, आणि मायक्रोसॉफ्टने घरगुती माणसाला ते हाताने २५० एमबीने वाढवायला सांगितलं. तेव्हा ते टोकाला नेताना जरा मोठं, १ जीबीचं करून ठेवा.

यात लॅपटॉपवाल्यांनी एक कुलूप आधी बघायचं. विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या मशीनवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’, म्हणजे डिस्कवरचं सगळं सांकेतिक करून ठेवणारी सोय, न विचारता चालू झालेलं असतं. विंडोजचं स्वतःचं श्रिंक, एक्सटेंड त्यावर चालतं, पण जीपार्टेडला त्या पार्टिशनच्या आतलं काही वाचता येत नाही. शिवाय बूटच्या, म्हणजे मशीन सुरू होण्याच्या, भागात काही हललं, की मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागून बसतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. काम सुरू करण्यापूर्वी दुसऱ्या मोबाइलवर खातं उघडून ती कागदावर उतरवून घ्या. अडकल्यावर खात्याचा पासवर्ड आठवत नाही असा अनुभव आहे.

आता तुमच्याच मशीनकडे परत. विचारलं नाहीत तरी सांगतो: मी तुमच्या जागी असतो तर पार्टिशनचा खेळ मांडलाच नसता. ५०० जीबीचं एक एसएसडी घेतलं असतं, फक्त सी त्यावर क्लोन केला असता (सुरुवातीचं छोटं सिस्टिम पार्टिशन धरून, नाहीतर मशीन सुरू होत नाही) आणि क्लोन करतानाच त्याला सगळी जागा देऊन टाकली असती. आकार बदलण्याची ही सर्वात बिनधोक पद्धत, कारण जुन्या डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जात नाही. क्लोन फसला तर जुनी डिस्क पुन्हा जोडा, सगळं कालच्यासारखं. फक्त पहिल्यांदा नव्या एसएसडीवरून सुरू करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. दोन सारखे सी एकदम दिसले की मशीन गोंधळतं, आणि कधी कधी नकळत जुन्यावरूनच सुरू होतं. एसएसडीवर मग सी-डी-ई पाडत बसू नका. फिरत्या डिस्कचा सुरुवातीचा भाग बाहेरच्या कडेला असतो आणि तिथे वेग जास्त मिळतो, म्हणून सी पुढे ठेवण्याला काही अर्थ होता. एसएसडीमध्ये पुढे-मागे असं काही नसतं. एकच पार्टिशन ठेवा, हा प्रश्न पुन्हा येणार नाही. जुनी डिस्क आत तशीच राहू द्या, फोटो तिच्यावर आहेत तिथेच राहतील, आणि महिनाभर सगळं नीट चाललं की तिच्यावरचा जुना सी पुसून ती जागा वापरा.

एसएसडीचा खर्च आत्ता नको असेल तर डी रिकामा करण्याची वाट धरा. आज फक्त एवढं करा: बाहेरची डिस्क मिळवा, फोटोंची कॉपी लावा, आणि हिरवी चौकट आहे की नाही ते बघून ठेवा. डिलीट उद्या सकाळी, चहा झाल्यावर. रात्री अकरानंतर पार्टिशनला हात लावायचा नाही असा माझ्या दुकानात नियम आहे, तो मी केलेल्या एका जुन्या चुकीमुळे आहे आणि ती कुठली ते मी सांगत नाही.